आठ प्रकार पाठ आहेत, तरी वाक्य चुकतं! ॲडजेक्टिव्हचं करू काय?

पत्र: ताई, मी ३८ वर्षांची, शिक्षण सगळं मराठी माध्यमात. नऊ वर्षं नोकरी सोडून घरी होते, आता परत इंटरव्ह्यू द्यायला लागलेय. इंग्रजी अगदीच येत नाही असं नाही, वाचलेलं कळतं, पण बोलताना-लिहिताना ॲडजेक्टिव्ह आलं की घोळ होतोच. ग्रामरच्या पुस्तकातून आठ प्रकार पाठ केले, ऑर्डरचा चार्टपण पाठ केला, उपयोग शून्य. इंटरव्ह्यूसाठी स्वतःची ओळख लिहिली, ती मुलाने वाचली आणि हसत सुटला. काय चुकलंय विचारलं तर म्हणे, "आई, ते ऐकायलाच कसंतरी वाटतं." कसंतरी म्हणजे काय ते त्यालाही सांगता येईना. ती ओळख खाली देतेय. आणि एक शेवटचं, मोठी बहीण म्हणजे एल्डर सिस्टर की ओल्डर सिस्टर? (मला प्लीज अगं-तुगंच करा.)
– एक अडखळणारी

"आय ॲम अ हार्डली वर्किंग अँड ऑनेस्ट पर्सन. आय हॅव अ टेन इयर्स ओल्ड सन. आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग इन अकाउंट्स. माय एक्सेल इज मोअर बेटर दॅन माय टायपिंग. आय हॅव लिटल एक्सपीरियन्स ऑफ ऑफिस वर्क. माय ओल्ड बॉस ऑल्वेज सेड आय वर्क गुड."

प्रिय अडखळणारी,

तुझ्या मुलाला हसू आलं ते मला कळलं, आणि का आलं ते त्याला सांगता आलं नाही तेही कळलं, कारण तो इंग्रजी कानाने शिकलाय आणि तू वहीने. म्हणून आता मी तुला जे सांगणार आहे ते कानाबद्दलच आहे, फक्त तुझ्या मराठी कानाबद्दल.

आधी ते आठ प्रकार बाजूला ठेव. क्वालिटी, क्वांटिटी, नंबर, डेमॉन्स्ट्रेटिव्ह, पझेसिव्ह वगैरे वगैरे, ती यादी "अधोरेखित शब्दाचा प्रकार ओळखा" एवढ्याच प्रश्नासाठी बनलेली आहे, तिने कुणाला वाक्य बोलता आलेलं मी पाहिलेलं नाही. आणि हल्लीच्या व्याकरणात तर त्यातले बरेचसे, म्हणजे दिस, दॅट, माय, युअर, एव्हरी, सम हे ॲडजेक्टिव्ह धरतच नाहीत, त्यांचा डिटर्मायनर म्हणून वेगळा गट केलाय. उगाच नाही केला हं. बिग, ओल्ड, रेड हे तिघं एका नामापुढे गुण्यागोविंदाने बसतात, पण माय आणि दॅट यांना एकमेकांशेजारी बसवता येत नाही. आपण मराठीत बिनधास्त म्हणतो "माझं ते जुनं घर", त्याचं "माय दॅट ओल्ड हाउस" केलंस की चुकलं, तिथे "दॅट ओल्ड हाउस ऑफ माइन" म्हणावं लागतं. वेगळा गट असल्याचा एवढा एकच फायदा आपल्याला आहे, तो घे आणि पुढे चल.

दुसरं म्हणजे तुला विशेषण कळत नाही हा गैरसमज डोक्यातून काढ. तू दिवसभर "चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं पोरगं, चांगले लोक, चांगल्या मुलाला" असं न अडखळता बोलतेस, आणि त्याच दमात "सुंदर" आणि "हुशार" मात्र कुठेच बदलायचं नाही हेही तुला कुणी न सांगता माहीत असतं. याच्या तुलनेत इंग्रजी ॲडजेक्टिव्ह म्हणजे अगदीच गरीब प्राणी आहे. गुड बॉय, गुड गर्ल, गुड पीपल, ढिम्म हलत नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते पण लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे बदलायचं, आपल्या "चांगला-चांगली"सारखंच, नंतर शेपट्या गळून पडल्या. म्हणजे जे अवघड होतं ते तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीच संपलंय. मग चूक कुठे होते? तर जिथे मराठी एका वाटेने जाते आणि इंग्रजी दुसऱ्या, बरोब्बर त्या वळणांवर. तुझ्या सहा वाक्यांत ती बहुतेक सगळी वळणं आलीयेत, त्यामुळे तुझी ओळखच आपण पाटीवर घेऊ.

सुरुवात तिसऱ्या वाक्यापासून करते, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. पहिली नोकरी, पहिलं प्रेझेंटेशन, आणि मी मोठ्या झोकात सुरुवात केली, "गुड मॉर्निंग, आय ॲम व्हेरी एक्सायटिंग टुडे". समोरची चार माणसं एकदम चहाच्या कपात बघायला लागली. मला वाटलं उच्चार चुकला. तर उच्चार नव्हता चुकला, मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आज मी फारच उत्तेजित करणारी बाई आहे. तुझं "आय ॲम व्हेरी इंटरेस्टिंग" त्याच जातीचं आहे, फक्त जरा सभ्य आहे. त्याचा अर्थ "मी फार मनोरंजक व्यक्ती आहे" असा होतो. असशीलही, पण अकाउंट्सच्या इंटरव्ह्यूत ते सांगायचं नव्हतं ना तुला.

आता इथे मराठीत बघ. "कंटाळवाणा" आणि "कंटाळलेला" यात तुझा कधी गोंधळ झालाय? भाषण कंटाळवाणं, ऐकणारे कंटाळलेले. "थकवणारा" प्रवास, "थकलेला" माणूस. "गोंधळात टाकणारा" प्रश्न, "गोंधळलेली" मुलगी. "घाबरवणारा" आवाज, "घाबरलेलं" मांजर. बास, हेच आहे. जे दुसऱ्याला काहीतरी करतं त्याला आयएनजी, ज्याला ते होतं त्याला ईडी. बोअरिंग-बोअर्ड, टायरिंग-टायर्ड, कन्फ्यूझिंग-कन्फ्यूझ्ड, इंटरेस्टिंग-इंटरेस्टेड. "वणारा" आला की आयएनजी, "लेला" आला की ईडी. आणि "वणारा" मी मुद्दाम म्हणतेय, नुसतं "णारा" नाही, त्या "व"कडे लक्ष ठेव, कारण "घाबरणारा" म्हणजे जो स्वतःच घाबरतो तो, आणि "घाबरवणारा" म्हणजे दुसऱ्याला घाबरवतो तो, एका अक्षराने भित्रा आणि भीतीदायक अशी अदलाबदल होते. तुला हे आधीपासून येतंच, फक्त बोलायच्या आधी अर्धा सेकंद मराठीत विचारून घ्यायचं की मी लेली की वणारी.

मग आपण सगळे तरी का चुकतो? माझं निरीक्षण असं की बोलताना आपण "मी कंटाळलेली आहे" म्हणतच नाही, आपण म्हणतो "मला कंटाळा आलाय", "मला इंटरेस्ट आहे", म्हणजे मराठीत तिथे विशेषणच नसतं, नाम असतं, कंटाळा येतो, राग येतो, भीती वाटते, आपल्याकडे भावना येतात-जातात-वाटतात. इंग्रजीत मात्र माणूसच तसा "असतो", आय ॲम बोअर्ड, आय ॲम अँग्री, आय ॲम अफ्रेड. त्यामुळे तिथे ऐनवेळी विशेषण शोधायला लागतं आणि जे हाताला लागेल ते आपण उचलतो.

या युक्तीला एक भोक आहे ते आत्ताच दाखवून ठेवते, नाहीतर पुढच्या पत्रात तूच मला पकडशील. बसणं, झोपणं, टेकणं, लटकणं अशा शरीराच्या स्थितीच्या क्रियापदांना ही युक्ती लावू नकोस. "झोपलेलं बाळ" म्हणजे स्लीपिंग बेबी, "खुर्चीत बसलेला माणूस" म्हणजे द मॅन सिटिंग इन द चेअर. मराठीत "लेला" असूनही इंग्रजीत आयएनजी, कारण आपण क्रिया झाली असं बघतो आणि इंग्रज ती चालू आहे असं बघतात. आणि झोपेचा विषय निघालाच आहे तर "अस्लीप बेबी" पण म्हणता येत नाही. अस्लीप, अफ्रेड, अलाइव्ह, अवेक, अलोन, असे "अ" ने सुरू होणारे काही शब्द नामाच्या पुढे बसायला तयार नसतात, क्रियापदानंतरच येतात, द बेबी इज अस्लीप. याच्या उलट स्वभावाचा शब्द म्हणजे मेन. द मेन डोअर चालतं, द डोअर इज मेन नाही चालत.

आता "मोअर बेटर". याच्यावर मुलं हमखास हसतात, पण मला याच्यावर हसू येत नाही कारण ही चूक करण्यामागे तुझं डोकं अगदी बरोबर चाललेलं असतं. मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. "ती माझ्यापेक्षा उंच आहे", "ती सगळ्यात उंच आहे", उंच ते उंचच. सगळं काम "पेक्षा" आणि "सगळ्यात" करतात, फार तर एखादा "जास्त" लावतो. म्हणून बेटर हा शब्द आपल्याला नुसता "चांगला" वाटतो आणि त्याच्यापुढे "जास्त" लावावासा वाटतो. पण बेटरच्या पोटातच ते "जास्त" आहे. बेटर म्हणजेच जास्त चांगला, वर्स म्हणजेच जास्त वाईट, स्मॉलर म्हणजेच जास्त लहान. मोअर बेटर म्हणजे "जास्त जास्त चांगला". गंमत म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचे इंग्रज असं डबल बिनदिक्कत लिहायचे, ते चूक आहे हे नंतर अठराव्या शतकातल्या व्याकरणवाल्यांनी ठाम करून टाकलं.

आणि आपण तरी कुठे वेगळे आहोत? "सर्वश्रेष्ठ" म्हणतो की नाही? श्रेष्ठ म्हणजे मुळात "सगळ्यात उत्तम"च, त्याला परत सर्व लावून आपणही डबलच केलंय. हा जो "इष्ठ" आहे ना, ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ यातला, तो संस्कृतचा "सगळ्यात" दाखवणारा प्रत्यय आहे, आणि तो आणि इंग्रजीचा ईएसटी हे एकाच मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत. "स्वादिष्ट" हा शब्द मूळ "स्वादिष्ठ", म्हणजे सगळ्यात गोड, आणि इंग्रजी "स्वीटेस्ट" हा शेंड्यापासून बुडख्यापर्यंत तोच शब्द आहे, इकडचा स्वाद तो तिकडचा स्वीट आणि इकडचा इष्ठ तो तिकडचा एस्ट. १७८६ साली विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मांडलं, त्यानंतर लोकांनी असे जुळे शब्द ढिगाने शोधून काढले, आणि इंग्रजी त्याच घराण्यातली निघाली. मला हे कळलं तेव्हा इंग्रजी ग्रामरची भीती एकदम निम्मी झाली होती, परक्या घरात गेलो आणि भिंतीवर आपल्याच आजीचा फोटो दिसला तसं काहीतरी.

मोअर कधी लावायचं आणि ईआर कधी, ते फार डोकं न लावता सांगते. एकच स्वर असलेला आखूड शब्द असेल तर ईआर-ईएसटी: टॉल, स्मॉल, फास्ट, बिग. लांबलचक शब्द असेल तर मोअर-मोस्ट: ब्यूटिफुल, एक्स्पेन्सिव्ह, डिफिकल्ट. मधल्यांमध्ये शेवटी वाय असेल तर आयईआर होतं, ईझी-ईझियर, हॅपी-हॅपियर, बाकी मधल्यांना मोअर लावलंस तर सहसा कुणी भुवई उंचावणार नाही. गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट ही थोडीच बंडखोर पोरं आहेत, ती पाठच करावी लागतात. दोन्ही एकदम नाही, एवढं पाळलंस की झालं.

"टेन इयर्स ओल्ड सन" हे सरळ सरळ भाषांतर आहे, "दहा वर्षांचा मुलगा", वर्षां अनेकवचन म्हणून इयर्स. पण मगाशी म्हटलं तसं इंग्रजी विशेषण ढिम्म असतं, त्याला अनेकवचन नाही, आणि इथे "टेन इयर ओल्ड" हा अख्खा डबा मिळून एक विशेषण झालाय, लिहिताना मध्ये छोट्या रेघा येतात त्या त्यासाठीच. म्हणून अ टेन-इयर-ओल्ड सन, एस नाही. पण "माय सन इज टेन इयर्स ओल्ड" मध्ये एस हवा, कारण तिथे इयर्स हे सुटं नाम आहे. आठवायला सोपं जावं म्हणून: फाइव्ह-स्टार हॉटेल, कधी कुणी फाइव्ह-स्टार्स हॉटेल म्हणालंय? आणि मराठीतही "दुमजली इमारत" म्हणतो आपण, दोन मजले असूनही.

"हार्डली वर्किंग" वर मात्र मीही हसले, सॉरी. तुझं गणित कळलं मला, हार्ड विशेषण, त्याला एलवाय लावलं की क्रियाविशेषण, स्लो-स्लोली, क्विक-क्विकली, मग हार्ड-हार्डली. बरोबर गणित, चुकीचं उत्तर. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच, तेव्हा तू लिहिलंयस "मी कामाला फारसा हात न लावणारी आणि प्रामाणिक व्यक्ती आहे". प्रामाणिकपणा तर सिद्धच झाला! शब्द आहे हार्डवर्किंग. हार्ड आणि फास्ट हे विशेषण आणि क्रियाविशेषण दोन्हीकडे आहे तसेच चालतात, शी वर्क्स हार्ड, शी रन्स फास्ट. आणि उलटा फसवणारा गट पण आहे, फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली, ही दिसतात क्रियाविशेषणासारखी पण आहेत विशेषणं. यात ओळखायची खूण अशी की एलवायच्या आधी नाम उरत असेल, फ्रेंड, लव्ह, कॉस्ट, तर बहुतेक वेळा विशेषण, आणि विशेषण उरत असेल, क्विक, स्लो, तर क्रियाविशेषण.

यालाच जोडून तुझं शेवटचं वाक्य, "आय वर्क गुड". इथे दोष "छान" या शब्दाचा आहे. आपल्याकडे छान हा हरकाम्या आहे, ती छान मुलगी आहे, ती छान दिसते, ती छान गाते, तिन्हीकडे तोच. इंग्रजीत पहिल्या दोन जागी विशेषण लागतं आणि तिसऱ्या जागी क्रियाविशेषण, शी लुक्स ब्यूटिफुल पण शी सिंग्ज ब्यूटिफुली. आता दिसते आणि गाते ही दोन्ही क्रियापदंच, मग फरक कुठला? क्रियापद काढून तिथे इज टाकून बघ. शी लुक्स हॅपीचं शी इज हॅपी होतं, अर्थ जवळपास टिकतो, म्हणजे ते हॅपी तिच्याबद्दल बोलतंय, तेव्हा विशेषण. लुक, फील, साउंड, स्मेल, टेस्ट, सीम ही सगळी त्या पंक्तीतली. पण सिंग्ज काढून इज टाकलंस तर गाणंच गायब होतं, म्हणजे तो शब्द गाण्याबद्दल बोलत होता, तिथे एलवायवाला लागतो. तुझे साहेब तुझ्या कामाबद्दल बोलत होते, म्हणून आय वर्क्ड वेल. गुडचं क्रियाविशेषण गुडली होत नाही, वेल होतं.

त्याच वाक्यातलं "ओल्ड बॉस" चूक नाही पण दुतोंडी आहे, पूर्वीचे साहेब की म्हातारे साहेब? मराठीत "जुने साहेब" आणि "वयस्कर साहेब" वेगळे राहतात. फॉर्मर बॉस म्हण, प्रश्नच मिटला.

आता सगळ्यात महागात पडणारं वाक्य, जे तुझ्या मुलाच्या बहुतेक लक्षातही आलं नसेल कारण ते ऐकायला बरोबर वाटतं. "आय हॅव लिटल एक्सपीरियन्स". तुला म्हणायचंय थोडा अनुभव आहे, पण अ नसलेलं लिटल म्हणजे "नाहीच म्हणा ना". लिटल आणि अ लिटल, फ्यू आणि अ फ्यू, यात वस्तू तेवढीच असते, सांगणाऱ्याचा सूर वेगळा असतो. अ फ्यू फ्रेंड्स म्हणजे चार मित्र आहेत की, फ्यू फ्रेंड्स म्हणजे मित्र असे फारसे नाहीतच. मराठीत हे आपण "थोडाफार" आणि "थोडकाच" यातून करतो. लिटल मोजता न येणाऱ्याला, वेळ, अनुभव, पाणी, आणि फ्यू मोजता येणाऱ्याला, माणसं, वर्षं, पुस्तकं. एवढासा अ गाळल्याने तुझी नोकरीच्या वेळची सगळी मेहनत खोडली गेली असती. माझं मत विचारशील तर इथे थोडंफार वगैरे लिहूच नकोस, किती वर्षं ते सरळ आकड्यात सांग, आकड्याला व्याकरण कमी लागतं आणि तो जास्त वजनदार दिसतो.

तुझ्या ओळखीत नाहीत पण आज ना उद्या येणार अशा दोन गोष्टी. एक, मराठीत विशेषण एकटं फिरू शकतं, "मला निळा दे", "मोठी कुठेय?", पेन की बॅग ते समोर दिसतंच असतं. इंग्रजीत विशेषण असं एकटं सोडता येत नाही, मागे वन लावावा लागतो, गिव्ह मी द ब्लू वन, व्हेअर इज द बिग वन. फक्त माणसांचा अख्खा वर्ग असेल तर चालतं, द रिच, द पुअर, आणि तेव्हा क्रियापद अनेकवचनी. दोन, आपण विशेषण दोनदा म्हणून मजा आणतो, "छोटी छोटी फुलं", "लांब लांब केस", ते इंग्रजीत स्मॉल स्मॉल फ्लॉवर्स असं नेऊ नकोस, तिथे एकच स्मॉल, हवं तर आधी व्हेरी. काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार असले ठसकेबाज जोडशब्द त्यांच्याकडे पण आहेत हं, पिच-ब्लॅक, स्नो-व्हाइट, पण ते तयार मिळतात तसेच घ्यायचे, आपण घरी बनवायचे नाहीत.

आणि तो ऑर्डरचा चार्ट. मत, आकार, वय, घडण, रंग, मूळ, कशाचं बनलंय, कशासाठी. बरोबर आहे तो, पण चार्ट बघून कुणी बोलतं का? मराठीत म्हणून बघ, "सुंदर जुनं लाकडी कपाट". आता म्हण "लाकडी जुनं सुंदर कपाट". अडखळलीस ना? आपल्याकडे क्रम इंग्रजीइतका कडक नाही, "जुनी मोठी" आणि "मोठी जुनी" दोन्ही खपतं, पण ओढ तीच आहे, जे वस्तूला जास्त चिकटलेलं ते नामाच्या जवळ, आणि जे आपलं मत आहे ते लांब. कपाटातून लाकूड काढता येत नाही, सुंदर मात्र मला वाटतं, तुला वाटेलच असं नाही. एवढ्यावर नव्वद टक्के वेळा ए ब्यूटिफुल ओल्ड वुडन कबर्ड आपोआप बरोबर येतं, फक्त आकार वयाच्या आधी एवढं लक्षात ठेव, बिग ओल्ड, ओल्ड बिग नाही. आणि तीनपेक्षा जास्त विशेषणं एका नामावर लादायचीच कशाला, ते नाम आहे, हमाल नाही.

तर तुझी ओळख आता अशी होईल: "आय ॲम अ हार्डवर्किंग पर्सन. आय हॅव अ टेन-इयर-ओल्ड सन. आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड इन अकाउंट्स. आय ॲम गुड ॲट एक्सेल." मग अनुभवाची वर्षं आकड्यात, आणि शेवटी "माय फॉर्मर बॉस ऑल्वेज सेड आय वर्क्ड वेल". ऑनेस्ट मी काढला, मला स्वतःच्या तोंडाने मी प्रामाणिक म्हणणं जरा ऑड वाटतं. तुला ठेवायचाच असेल आणि तो पहिला घेणार असशील तर ॲन ऑनेस्ट कर, कारण अ की ॲन ते नाम बघून नाही तर लगेच पुढचा शब्द जसा ऐकू येतो त्यावर ठरतं, आणि ऑनेस्टमधला एच मुका आहे. टायपिंगपण मी गाळलं. ते कच्चं आहे हे त्यांनी विचारल्याशिवाय तू कशाला सांगतेस! गुडच्या मागे ॲट येतं, इन नाही, आणि इंटरेस्टेडच्या मागे इन, जो तू बरोबर लिहिला होतास.

राहिली बहीण. एल्डर सिस्टर आणि ओल्डर सिस्टर दोन्ही बरोबर. पण एल्डर घरच्या नात्यांत आणि नामाच्या आधीच जास्त शोभतो, आणि त्याच्यानंतर दॅन येत नाही, म्हणून शी इज एल्डर दॅन मी असं म्हणू नकोस, शी इज ओल्डर दॅन मी. ऑफिसात कुणी तुझ्या वर असेल तर सीनियर, तिथेही दॅन नाही, सीनियर टू मी, सीनियर-ज्युनियर हे लॅटिनमधून आलेत आणि इंग्रजीत त्यांच्यामागे टूच लागतो. तुम्ही दोघीच बहिणी असाल तर ती एल्डर. तिघी-चौघी असाल तर सगळ्यात थोरली ती एल्डेस्ट, आणि तिच्या शेवटी जो एस्ट आहे ना, तोच मगाचा, ज्येष्ठमधला.